जुना तंबोरा घेताना, तारा चढवताना, जुळवताना

आमच्याकडे पहिला तंबोरा घ्यायला येणारे बहुतेक जण गाणे शिकू लागून वर्ष-दोन वर्षे झालेले असतात. मोबाइलवरच्या तंबोऱ्याला ते कंटाळलेले असतात, पण नव्या वाद्याची किंमत ऐकली की विचारात पडतात. अशांना आम्ही जुना तंबोरा बघा म्हणून सांगतो. तो स्वस्त पडतो हे झालेच. शिवाय नव्या लाकडाचे जे काही वाकणे-चिरणे व्हायचे, ते पहिल्या काही पावसाळ्यांत होते. जुन्याचे ते होऊन गेलेले असते आणि डोळ्यांना दिसते.

बघायचे काय

चकाकी बघू नका. पॉलिश आणि पत्तीकाम (वरची नक्षी) नवे करणे हे सगळ्यांत सोपे काम, त्यामुळे विकणारा नेमके तेच करून ठेवतो.

आधी भोपळा. मिरजेच्या वाद्यांना लागणारे भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. भोपळा कितीही जाड असला तरी धक्का सोसत नाही. बोटाच्या पेराने सगळीकडून हलके ठोका. एखाद्या जागी आवाज बसका आला तर तिथे आतून चीर असेल, किंवा चीर बुजवून वर रंग दिलेला असेल. बारीक भोके आणि त्यांतून पडणारा पिवळसर भुसा दिसला तर कीड लागली आहे, ते वाद्य सोडून द्या. बाजूची सरळ चीर सरसाने बसते, तिला घाबरू नका. मात्र खाली लंगोट (तारा अडकवायचा आधार) बसवलेला असतो तिथली चीर वाईट, कारण चारही तारांचा ताण त्याच जागेवर येतो. भोपळाच बदलायची वेळ आली तर स्वस्तात मिळालेले वाद्य स्वस्त राहत नाही.

मग गळा, म्हणजे भोपळा आणि दांडी यांचा जोड. तारा ताणलेल्या असताना तिथे नखाची कड शिरते का बघा. शिरली तर जोड सुटू लागला आहे. दांडी खुंट्यांकडून डोळा लावून पाहा. पुढे थोडी झुकलेली चालते, पिळलेली चालत नाही. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, मधोमध हलका फुगवटा हवा. घोडीखाली, म्हणजे तारा टेकतात त्या रुंद आधाराखाली, ती खचली असेल तर जवारी (तारेचा आवाज गुंजावा म्हणून घोडीचा माथा घासून दिलेला बारीक उतार) कितीही वेळा काढा, आवाज चार दिवसांत बंद होणार.

घोडीची जाडी जरूर बघा. दर वेळी जवारी काढताना वरचा पृष्ठभाग थोडा घासला जातो, म्हणून फार पातळ झालेल्या घोडीत पुढच्या जवारीला जागाच उरत नाही. घोडी बदलता येते, फक्त तो खर्च आधीच धरा. फार जुन्या वाद्यांवर कधी हस्तिदंत किंवा सांबरशिंग असते. त्याचे कौतुक करत कोणी किंमत वाढवून सांगितली तर व्यवहार थांबवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा वस्तूंची खरेदी-विक्री करता येत नाही. आम्ही तशा घोड्या घेत नाही, विकत नाही.

'अस्सल मिरजेचा' हे शब्द जुन्या बाजारात फार स्वस्त झाले आहेत. शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगारांनी इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे खरे. पण आतला कागदी शिक्का कोणीही चिकटवू शकतो. शिक्का वाचत बसण्यापेक्षा गळा तपासा.

आणि माप. पेटीच्या काळी एक, पांढरी दोनला सा धरून गाणाऱ्याने लांब दांडीचा मर्दानी तंबोरा घ्यावा. काळी चार, काळी पाचला गाणारीने बायकी. स्वस्त मिळाला म्हणून उलटे माप घेऊ नका. मर्दानी वाद्य फार वर ताणले की तारा तुटतात, बायकी फार खाली उतरवले की तारा ढिल्या पडून नुसत्या खडखडतात.

तारा

जुन्या तंबोऱ्यावरच्या तारा ठेवू नका, चारही बदला: एक पंचमाची, जोड म्हणजे सा च्या दोन, आणि खर्ज म्हणजे खालच्या सा ची एक. बायकी तंबोऱ्याला पंचम आणि जोड पोलादी, साधारण ०.३ मिमी; खर्ज पितळी किंवा ब्राँझची, ०.५ मिमीच्या जवळपास. मर्दानी तंबोऱ्याला जोड पोलादी, ०.३५ मिमीच्या आसपास. पंचमही पितळी किंवा ब्राँझचा, आणि खर्ज ०.७ मिमीपर्यंत जाड. गिटारची गुंडाळलेली तार खर्जाला लावून आणणारे भेटतात. तिच्यावर जवारी उमटत नाही.

एकेक तार काढा आणि तिच्या जागी नवी चढवा. चारही एकदम सोडल्या तर घोडी जागची हलते, कारण तिला तारांच्या दाबानेच धरलेले असते. तार लंगोटात अडकवून मण्यातून ओवा, मग घोडीवरून, अटी-तारगहनातून (दांडीच्या वरच्या टोकाकडच्या आडव्या पट्ट्यांतून) खुंटीपर्यंत न्या. खुंटीवर वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. खुंटी सरकत असेल तर काढून खडू लावा आणि फिरवताना आत दाबत फिरवा. तेल कधीही घालू नका.

जुळवणे

मणी मधोमध आणा आणि घोडीवरची सुते (तारांखाली घालायचे दोरे) बाजूला सारा. आधी जोड. एक तार तुमच्या पट्टीच्या सा वर आणा. इथपर्यंत फोनवरचा ट्यूनर चालेल. दुसरी तार पहिलीशी कानाने मिळवा. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाज हेलकावत असेल तर अजून फरक आहे, हेलकावा थांबला की जोड मिळाली. नंतर खर्ज, शेवटी पंचम. मालकंस रागाला पंचमाच्या जागी मध्यम लागतो. मारवा, पूरियाला निषाद. बारीक फरक मण्याने काढा: लंगोटाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे नेला की उतरतो.

आता सूत तारेखाली घाला आणि केसभर पुढे-मागे सरकवा. एका जागी आवाज एकदम उघडतो, तिथेच थांबा. खर्ज चांगला लागला की त्यातून गांधार आपोआप ऐकू येतो. सूत सगळीकडे फिरवूनही आवाज बंदच राहिला तर जवारी उतरली आहे. ती घरी कानशीने काढू नका. एकदा जास्त घासले की परत भरता येत नाही.

जवारीला वाद्य आणताना तारा थोड्या उतरवा, काढू नका. भोपळ्याला गोधडी गुंडाळा आणि एसटीच्या टपावर ठेवू नका. तुम्ही कुठल्या पट्टीत गाता ते चिठ्ठीवर लिहून वाद्यासोबत द्या, कारण काळी एकला काढलेली जवारी पांढरी चारला तशीच बोलेल असे नाही.