समावेशक चित्रपट रसास्वाद : गोव्यातील वर्ग

चित्रपट काय सांगतो आणि कसा सांगतो हे शिकवणारा तास विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांनाही इतरांच्या बरोबरीने घेता यावा अशा रीतीने आखणे, याला समावेशक चित्रपट रसास्वाद म्हणतात. दृष्टी वा श्रवणाची अडचण असलेली, स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेली, डिस्लेक्सियामुळे वाचनात अडखळणारी, चाकाच्या खुर्चीवरून शाळेत येणारी मुले एकाच वर्गात एकच चित्रपट अभ्यासतात. त्यात शिरायच्या वाटा मात्र प्रत्येकाच्या निरनिराळ्या असतात. अशा मुलांना वेगळ्या खोलीत बसवून कार्टून लावून देण्याची जी सवय आहे, तिचा आणि या पद्धतीचा काहीही संबंध नाही.

गोव्यात या विषयाला पोषक जमीन आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दर नोव्हेंबरात पणजीत भरतो. त्याहून जुनी आहे ती जत्रेतल्या मराठी नाटकाची सवय. देवळासमोरच्या मांडवात नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी, ‘आता राजा आला हां, रागात आहे,’ असे त्याच्या कानात सांगत राहते. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा बेन्शी याहून फार वेगळे काही करत नव्हता. पडद्यावर दिसते ते बोलून सांगणे, आज ज्याला श्राव्यवर्णन म्हणतात, त्याचे बीज इथेच आहे.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदलेले असून शाळांनी समावेशक शिक्षण द्यावे असे त्यात म्हटले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांत श्राव्यवर्णन व मथळ्यांची (पडद्यावर उमटणाऱ्या ओळींची, म्हणजे कॅप्शनची) सोय करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट पहिल्यांदा भरला. त्याआधी २०२२ च्या चित्रपट महोत्सवात पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने गोव्यात दोन लघुअभ्यासक्रम घेतले होते : स्वमग्न व्यक्तींसाठी मोबाइलवर चित्रपट करण्याचा आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी अभिनयाचा. चित्रपट महोत्सव मात्र आठ-नऊ दिवसांत आटोपतो. शाळेचे वर्ष त्यापुढेही चालू राहते आणि खरे काम तिथेच आहे.

या कामातला सगळ्यात कसदार भाग म्हणजे श्राव्यवर्णन. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पडद्यावर काय दिसते ते मोजक्या शब्दांत सांगायचे असते. भावनेचे नाव घ्यायचे नाही, ती जिच्यातून कळते ती हालचाल सांगायची, हा त्याचा मुख्य नियम. ‘ती दुःखी आहे’ असे न म्हणता ‘ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहते’ असे म्हणायचे. हे वर्णन बाहेरून तयार करून आणण्यापेक्षा वर्गाकडूनच लिहून घ्यावे. मुलांनी बेतीच्या धक्क्यावर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा टिपला आहे असे धरू. पहिले वाक्य हमखास असे येते : ‘एक बाई फेरीबोटीत चढते.’ न दिसणारा मुलगा लगेच विचारतो, ‘जवळून दिसते की लांबून? एकटीच आहे? हातात काय?’ मग मुले तुकडा पुन्हा लावतात आणि वाक्य बदलते : ‘लांबून, पाठमोरी. डोक्यावर मासळीची पाटी. गर्दी पुढे सरकते, ती कठड्यापाशी थांबते.’ लाँग शॉट म्हणजे काय आणि दिग्दर्शकाने चेहरा का लपवला, हे तेवढ्या तीन प्रश्नांत डोळस मुलांना कळलेले असते. ज्याच्यासाठी सोय म्हणून हे सुरू झाले, तोच त्या तासाचा सर्वांत नेमका परीक्षक ठरतो. समावेशाचा खरा अर्थ एवढा स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो.

शॉटचे अंतर स्पर्शानेही शिकवता येते. पुठ्ठ्याची चौकट हातात देऊन शाडूच्या बाहुलीभोवती ती पुढेमागे न्यायला लावावी. चौकटीत बोटांना फक्त चेहरा लागला तर क्लोज-अप, पायांपर्यंत सगळी बाहुली आणि भोवती मोकळी जागा लागली तर लाँग शॉट.

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत पहिली चूक शिक्षकाच्या हातून अंधारात होते. चित्रपट चालू असताना तो बोलत राहतो. ओठ दिसत नाहीत, खुणा दिसत नाहीत, आणि मूल पडद्याकडे पाहावे की सरांकडे या पेचात दोन्ही गमावते. तुकडा थांबवावा, दिवे लावावेत, मग बोलावे. मथळ्यांत केवळ संवाद पुरत नाहीत. ‘दूरवर घुमट वाद्याचा आवाज’, ‘पाऊस अचानक थांबतो’ अशा नोंदीही लागतात. पार्श्वसंगीताला शब्द द्यायला लावणे हा ऐकणाऱ्या मुलांसाठीही उत्तम स्वाध्याय आहे, कारण त्यांनी ते संगीत एरवी ऐकूनही न ऐकल्यासारखे केलेले असते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ मध्ये १०,००० शब्द झाले. तरीही ‘कट’ किंवा ‘फ्रेम’ यांसाठीची खूण मुलांबरोबर बसून आधीच पक्की करून घ्यावी.

गोव्यात इथे भाषेचा गुंता वाढतो. घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी, पाचवीपासून बहुतेकांना इंग्रजी माध्यम, आणि पडद्यावर हिंदी. खुणांच्या भाषेत विचार करणाऱ्या मुलासाठी मथळे कुठल्याही लिपीत असले तरी ती त्याची दुसरी किंवा तिसरी भाषाच असते. म्हणून मथळे लहान ठेवावेत, पडद्यावर थोडे जास्त वेळ राहू द्यावेत, आणि कोणत्या भाषेत हवेत हे मुलालाच विचारावे.

स्वमग्न मुलांसाठी खोलीची मांडणी महत्त्वाची. आवाज कमी, दिवे पूर्ण न मालवता मंद, दाराजवळची जागा मोकळी, उठून फिरायला मुभा. पुढे काय होणार याचे चित्रांचे वेळापत्रक फळ्यावर लावले की धास्ती कमी होते. मोठा आवाज येणार असेल तर तो कधी येणार हे आधी सांगावे. तेवढ्याने कथेतली गंमत जात नाही. प्रकाशसंवेदी अपस्मार (लखलखत्या प्रकाशाने झटके येणे) असलेल्या मुलासाठी, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्ये शिक्षकाने स्वतः आधी पाहून गाळावीत. तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाहण्याचा हट्ट काही मुले धरतात. रसास्वादाच्या तासाला तर तेच हवे असते. पाचव्यांदा पाहताना ज्याला भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे गेलेले दिसतात, त्याला संकलनातली, म्हणजे तुकडे जोडण्यातली, चूक सापडलेली असते.

बौद्धिक अक्षमता किंवा वाचनाची अडचण असलेल्यांसाठी छायाचित्रांची पाने वापरावीत. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने एकाच नटाचा तोच चेहरा सूपाची थाळी, शवपेटीतले मूल आणि एक तरुणी यांच्या शेजारी जोडून प्रत्येक वेळी अर्थ कसा पालटतो ते दाखवले होते. वर्गात एका मुलाच्या चेहऱ्याचा फोटो पेजेच्या वाटीशेजारी ठेवावा, मग रिकाम्या झोपाळ्याशेजारी. ‘याला काय वाटतंय?’ याचे उत्तर बोट दाखवून किंवा चेहरा करून दिले तरी ते पूर्ण उत्तर मानावे, आणि गुणही पूर्ण द्यावेत.

प्रत्यक्ष चित्रीकरणात कामे वाटताना ‘याला क्लॅपची पाटी देऊ या, तेवढं जमेल’ ही भाषा टाळावी. न दिसणाऱ्या मुलीकडे ध्वनीची पूर्ण जबाबदारी देता येते : नारळाच्या दोन करवंट्यांतून घोड्याच्या टापा, सुपात फिरवलेल्या तांदळांतून पाऊस. चाकाच्या खुर्चीवरून सरकता शॉट फार छान येतो. पण ती खुर्ची त्या मुलाच्या शरीराचा भाग आहे. कॅमेरा त्याच्याच हातात असावा, आणि खुर्ची दुसऱ्याने ढकलायची तर त्याला विचारून.

अडचणी खऱ्या आहेत. श्राव्यवर्णनासह मराठी चित्रपट फार थोडे मिळतात. चित्रपट जाणणारा शिक्षक आणि मुलाला जाणणारा विशेष शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात असे क्वचित घडते. सहलीच्या वेळी तर हमखास काहीतरी राहून जाते. थिएटरात नेण्याआधी एकाने तिथे जाऊन उतार, स्वच्छतागृहाचे दार आणि चाकाच्या खुर्चीसाठीची जागा पाहून यावे, कारण ती जागा बहुधा अगदी पुढच्या रांगेत असते, जिथून मान वर करून पडदा पाहावा लागतो. जमल्यास आदल्या दिवशी मुलांना रिकामे थिएटर दाखवून आणावे, दिवे कसे मालवतात तेही.