चिलीम: औषधाच्या नळीपासून गांजाच्या कायद्यापर्यंत

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ साली आहे. इंदूरहून उज्जैन जेमतेम पंचावन्न किलोमीटर, त्यामुळे तयारीच्या बातम्या आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत आत्तापासूनच रोज असतात. बातमीसोबतचा फोटोही ठरलेला: भस्म फासलेला नागा साधू, समोर धुनी, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलेली चिलीम. खाली ओळ असते, ‘हजारो वर्षांची परंपरा’. साधू जुने, गांजाचं झाड जुनं, नळीतून धूर ओढणंही जुनं. पण हे तिन्ही एका चिलमीत एकत्र आले त्याला फार तर चारशे वर्षं झाली असतील. त्याआधीची हकीकत वेगळी आहे, आणि मला तरी ती जास्त रंजक वाटते.

आधी वस्तू बघू. मातीची चिलीम म्हणजे चार-सहा बोटं लांबीची सरळ, पोकळ नळी. वर रुंद, खाली निमुळती. कुंभार ती एकेक करून घडवत नाही. चाकावर मातीचा उंच गोळा चढवतो आणि फक्त त्याच्या शेंड्याला आकार देत, मधोमध काडीने भोक राखत, दोऱ्याने कापून चिलीम बाजूला ठेवतो. पणत्या अशाच निघतात. भाजल्यावर आत एक खडा टाकायचा. तो निमुळत्या भागात अडकतो, त्याच्या कडेने हवा जाते आणि जळता माल तोंडात येत नाही. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात, तिला आपल्याकडे छापी म्हणतात आणि हिंदीत साफी. छापीमुळे धूर थोडा गार होतो आणि मुठीत फट राहत नाही. चिलमीला वाकण नाही, सांधा नाही, पाण्याचं भांडं नाही. यापेक्षा कमी भागांत धूर ओढायचं साधन बनवणं कठीण आहे.

आता ‘सरळ’ या गुणाबद्दल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात धूमपानाचं प्रकरण आहे, आणि त्यात नळी कशी असावी याचं वर्णन आहे. तिला धूमनेत्र म्हटलंय. ती ऋजु म्हणजे सरळ हवी, तीन पेरांची हवी आणि टोकाचं छिद्र बोराच्या आठोळीएवढं हवं. लांबी माणसाच्या स्वतःच्या अंगुळांनी मोजायची: डोक्यातला कफ काढणाऱ्या धूमाला चोवीस अंगुळं, स्निग्ध धूमाला बत्तीस, रोजच्या धूमाला छत्तीस. लांब नळीचं कारणही दिलंय. धूर लांबून, पेरापेरातून अडत आला की त्याचा जोर मोडतो आणि इंद्रियांना बाधत नाही. छापी आणि हुक्क्यातलं पाणी पुढे ज्या कामासाठी आलं, ते काम इथे नुसत्या लांबीने केलंय.

ओढायचं काय, तर वेलची, दालचिनी, वाळा, चंदन, जटामांसी, गुग्गुळ, अगरू, ज्येष्ठमध अशा द्रव्यांचं वाटण. ते बोरूच्या काडीवर लेपायचं, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळं लांब वात करायची, वाळली की आतली काडी काढून घ्यायची, तूप लावून नळीत बसवायची आणि पेटवायची. म्हणजे पोकळ मसाल्याची कांडीच. दिवसातल्या आठ वेळा सांगितल्या आहेत, त्यांत अंघोळीनंतर, जेवणानंतर, दात घासल्यावर, शिंक आल्यावर अशा अगदी घरगुती वेळा आहेत. एक कडक नियमही आहे: धूर तोंडाने सोडायचा, नाकाने नाही, कारण नाकाने सोडल्यास डोळ्यांना इजा होते. या प्रकरणातल्या धुरात नशा नाही. सर्दी, डोकेदुखी, जड झालेला घसा, तोंडाचा वास असल्या तक्रारींसाठी ही दिनचर्या होती.

ही रीत पोथीतच राहिली असंही नाही. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त राजा शूद्रक जेवण झाल्यावर धूमवर्ती ओढतो, आचमन करतो आणि मग विडा घेतो. शूद्रकाची राजधानी विदिशा. पुढे हीच विदिशा भेलसा या नावाने ग्वाल्हेर संस्थानात होती. ज्या मुलखात आज चिलीम म्हटल्यावर लोक नाक मुरडतात, तिथल्या राजाची जेवणानंतरची धूमवर्ती बाणाला अगदी शिष्टाचाराची गोष्ट वाटली होती.

मग भांग-गांजा कुठे होता? तो पोटात होता. अथर्ववेदात भंग ही वनस्पती आली आहे, पण ओढण्याच्या संदर्भात नाही. शार्ङ्गधरसंहिता भांगेची गणना अफूबरोबर व्यवायी द्रव्यांत करते, म्हणजे पचायच्या आधीच अंगभर पसरणाऱ्या पदार्थांत. तीही घ्यायची पोटातूनच. घोटून, गोळी करून, दुधातून. पामीरच्या पठारावर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत गांजा जाळल्याचे अवशेष सापडले आणि २०१९ मध्ये ते संशोधन गाजलं. पण तिथे लाकडी भांड्यांत तापवलेले दगड होते, नळी नव्हती. आपल्याकडे वैद्याची नळी एका बाजूला होती, शंकराची बूटी दुसऱ्या बाजूला, आणि कित्येक शतकं दोघांची गाठ पडल्याचा ठोस पुरावा नाही.

ती गाठ घालून दिली तंबाखूने. पोर्तुगिजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि दख्खनमध्ये रुजला. अकबराने विजापूरला पाठवलेला असदबेग १६०४-०५ च्या सुमारास परतला तेव्हा त्याने हे नवलाचं पान आणि ओढायचा सरंजाम बादशहापुढे ठेवला. त्याने लिहून ठेवलेली हकीकत मजेदार आहे. नळी तीन हात लांब, रंगवलेली, दोन्ही टोकांना जडावकाम. विस्तवाची वाटी सोन्याची. अकबराने विचारलं, हे काय? सरदाराने सांगितलं, तंबाखू, मक्का-मदिनेतही माहीत आहे, हुजुरांसाठी औषध म्हणून आणलंय. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. बादशहाच्या हकिमाने लगेच हरकत काढली: आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, मग गुणदोष कसे कळणार? असदबेग म्हणाला, फिरंगी काही मूर्ख नाहीत. वाद तिथेच राहिला, पण असदबेगने बरोबर आणलेला तंबाखू सरदारांत वाटला गेला, सगळ्यांना चटक लागली आणि व्यापारी तो विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला. कोणी मानला नाही.

म्हणजे उत्तरेच्या दरबारात तंबाखू पोचला तो विजापूरच्या वाटेने. मराठी मुलूख या वाटेवर शेवटचा नव्हता, पहिल्या काहींत होता.

धूर पाण्यातून काढायची युक्ती अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याची, असं सांगतात. हुक्का श्रीमंताचा झाला: नळी, पेला, फरशी, भरून द्यायला हुक्काबरदार. गरिबाने हुक्क्याच्या डोक्यावरची मातीची वाटी तेवढी ठेवली, तिला खाली शेपूट जोडली आणि पाण्याऐवजी ओलं फडकं लावलं. आकार बघता मला हे असंच घडलं असावंसं वाटतं, म्हणजे साधी चिलीम ही हुक्क्याची आजी नसून त्याची गरीब धाकटी बहीण. शेतकरी, गाडीवान, पहारेकरी, पालखीचे भोई यांना कमरेला खोचता येईल अशीच वस्तू हवी होती. चंचीत तंबाखूची चिमूट, चकमक, गारगोटी आणि कापूस; संसार तेवढाच.

तिच्या सरळपणाचा आणखी एक उपयोग होता, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हुक्क्याच्या नळीला ओठ लागतात, म्हणून ती जातीबाहेर जात नसे. उत्तरेत वाळीत टाकायला ‘हुक्का-पानी बंद’ म्हणतात ते उगाच नाही. चिलमीला ओठ लागत नाहीत. ती बोटांच्या बेचक्यात उभी धरायची, दोन्ही तळव्यांची पोकळी करायची आणि अंगठ्याच्या बाजूच्या फटीतून ओढायचं. तोंड लागतं ते स्वतःच्या हाताला. म्हणून ज्याला हुक्क्याची नळी देता येत नसे त्याला हुक्क्यावरची वाटी, म्हणजे चिलीमच, उचलून हातात देता येई. प्रत्येकाने आपली छापी वापरली की विटाळाचा प्रश्न मिटला. यात समता वगैरे शोधू नये. शिवाशीव पाळून एकत्र बसायची ती पळवाट होती. पण त्या पळवाटेमुळे पारावर, धर्मशाळेत, फौजेच्या तळावर अनोळखी माणसं एका विस्तवाभोवती बसू शकली.

इंदूरच्या मराठी घरांत चिलीम आता दिसते ती देव्हाऱ्याजवळच्या तसबिरीत. शेगावच्या गजानन महाराजांच्या हातात ती असतेच. अक्षय्यतृतीयेला जानकीराम सोनाराने चिलमीसाठी विस्तव नाकारला, महाराजांनी चिलमीवर नुसती काडी धरायला लावली आणि ती पेटली, हा प्रसंग पारायणात लहानपणीच कानावर पडतो. शिर्डीच्या साईबाबांची गोष्ट साधनाच्या दृष्टीने आणखी बोलकी आहे. हरवलेली घोडी शोधत फिरणाऱ्या धूपखेड्याच्या चांद पाटलाला एक फकीर चिलीम ओढायला बोलावतो. विस्तव नाही, छापी भिजवायला पाणी नाही. फकीर जमिनीत चिमटा खुपसतो तर निखारा निघतो, सटका आपटतो तर पाणी. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या काळच्या वाटसरूला चिलमीसाठी नेमकं काय लागे, याची यादी त्यात आपोआप आली आहे. आणि दोन्ही ठिकाणी चिलीम हे बोलावण्याचं, बसवून घेण्याचं निमित्त आहे.

साधूंच्या चिलमीशी मराठी सत्तेचा संबंध मात्र थेट आहे. १८व्या शतकात गोसाव्यांच्या सशस्त्र फौजा उत्तरेत पगारी लढत. अनूपगिरी आणि उमरावगिरी हे दोघे गोसावी सेनानी त्यातलेच, आणि अनूपगिरीचं नाव महादजी शिंद्यांच्या राजकारणात सारखं येतं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उज्जैनचं महाकाल मंदिर पुन्हा उभारलं. सिंहस्थाला आखाड्यांना बोलावण्याची आजची घडीही त्याच काळात बसली असं मानतात. आखाडे आले, धुन्या आल्या. गांजा आणि तंबाखू एकाच चिलमीत मळून भरायची रीत तोवर सर्वत्र होती.

औषधी धूरही या काळात संपला नव्हता. दम्यासाठी धोतऱ्याची वाळलेली पानं चिलमीतून ओढत, अडुळशाचीही ओढत. १८०२ च्या सुमारास मद्रासहून ही धोतऱ्याची रीत इंग्लंडला गेली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं तिकडच्या औषधांच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातल्या अॅट्रोपीनने श्वासनलिका सैल होतात हे खरं, पण मात्रा जराशी चुकली तर भ्रम होतो, माणूस दगावतोही. आजीच्या बटव्यातला म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही.

माळव्याची ओळख गांजाची नव्हे, अफूची. अफूचीही मदक करून चिलमीत भरत. गांजा यायचा तो शेजारून: मध्य प्रांतात त्याची लागवड सरकारने फक्त निमाड जिल्ह्यातल्या खांडवा तहसिलीपुरती ठेवली होती, आणि मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे तो पिके. खांडवा-इंदूर रेल्वेसाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. ती सुरू झाल्यावर निमाड आणि इंदूर अगदीच जवळ आले. १८९३ मध्ये इंग्रज संसदेत ओरड झाली म्हणून सरकारने गांजा-चरस-भांग यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी घेतल्या, सात खंड भरले आणि १८९४ मध्ये निष्कर्ष काढला की बेताचं सेवन फारसं अपायकारक नाही, सरसकट बंदी नको, परवाने आणि कर पुरे. महसुलावर डोळा होताच.

चिलमीला खरा धक्का कायद्याने दिला नाही, बिडीने दिला. २०व्या शतकाच्या सुरुवातीला तेंदूच्या पानाची बिडी जबलपूर-गोंदियाकडून पसरली. तिला खडा नको, छापी नको, भरायला वेळ नको, कुणाची सोबत नको. काडेपेटी स्वस्त झाली आणि एका पिढीत शेतकऱ्याच्या कमरेची चिलीम गेली. उरली ती गांजेकसांकडे आणि साधूंकडे. म्हणूनच आज तिचा अर्थ आपल्याला एवढाच वाटतो. १९६०-७० च्या दशकात हिप्पी आले, त्यांनी तोच उरलेला अर्थ उचलला आणि चिलीम गोव्यामार्गे युरोपात नेली. इटलीत तर कारागीर ती कोरून घडवू लागले. ‘हजारो वर्षांची परंपरा’ ही ओळ या परदेशी बाजारात चांगलीच खपली.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा आला, भारताने पंचवीस वर्षांची सवलत मागून घेतली आणि ती संपायच्या आत १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा केला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे-फळांचे शेंडे, चरस म्हणजे राळ, दोन्ही गुन्हा. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात, तरी बाळगल्यास एक वर्षापर्यंत आणि ओढल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मातीच्या नळीवर बंदी नाही. ती कुंभाराकडे राजरोस मिळते, गुन्ह्यात सापडली तर जप्त होते, इतकंच. शेंडे सोडून नुसती पानं मात्र व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळे उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार चालतो, सरकारी परवान्याच्या दुकानात भांग घोटून मिळते, आणि त्याच झाडाचे शेंडे चिलमीत भरले की पोलीस येतात.