‘इंडियन’ एक, रकाने दोन: नॅशनॅलिटी आणि रेस

जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायला बसली की मार्कशीट, पासपोर्ट, फी इथवर गाडी नीट चालते. अडते ती नॅशनॅलिटी (राष्ट्रीयत्व) आणि रेस (वंश) या दोन रकान्यांशी. दोन्हीकडे ‘इंडियन’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो.

नॅशनॅलिटी पासपोर्टावर छापलेली असते, ती जशीच्या तशी उतरवायची. हा निव्वळ कायद्याचा मामला आहे. ग्रीन कार्ड मिळालं तरी नॅशनॅलिटी इंडियनच राहते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की जाते. मग खिशात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) असलं तरी, कारण ते नागरिकत्व नव्हे.

रेसला असा कागद नाही. तो प्रत्येक देशाने आपल्या इतिहासाप्रमाणे पाडलेला खण. १९२०, १९३० आणि १९४०च्या अमेरिकी जनगणनेत भारतीयांची रेस होती ‘हिंदू’, मग माणूस शीख असो की मुसलमान! १९७०ला त्यांना गोऱ्यांत मोजलं, १९८०पासून ‘एशियन इंडियन’ आलं. माणसं तीच, कातडी तीच. १९२३ साली तर अमेरिकेचं नागरिकत्व मागणारे शीख भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की पुस्तकात वंश काहीही लिहिलेला असो, सामान्य माणसाच्या समजुतीत हे गोरे नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही. रेसच्या खणाने नॅशनॅलिटीचं दार बंद केलं ते असं.

आता अर्ज. अमेरिकी फॉर्मवर बऱ्याचदा आधी ‘हिस्पॅनिक ऑर लॅटिनो’ विचारतात, तिथे ‘नो’. मग रेसमध्ये ‘एशियन’, खाली यादी उघडली तर ‘एशियन इंडियन’ किंवा ‘इंडिया’. ‘अमेरिकन इंडियन’वर टिक करू नका. तो खण नवाहो, चेरोकी अशा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा. आपल्या भिल्ल-पावरा मुलांची इथली चूक समजण्यासारखी आहे: ‘ट्राइब’ शब्द दिसतो, फायलीत जमातीचा दाखला असतोच. पण तो दाखला भारतातल्या यादीचा, अमेरिकेत लागू नाही. ब्रिटनमध्ये रेसऐवजी ‘एथ्निक ग्रुप’ विचारतात, त्यात ‘एशियन’खाली ‘इंडियन’. सिंगापुरात भारतीय वंशाच्या नागरिकाची नॅशनॅलिटी सिंगापुरी आणि रेस इंडियन. म्हणजे तोच शब्द दुसऱ्या रकान्यात जाऊन बसला.

‘अदर’ निवडून लेवा पाटील, गुजर, मराठा लिहिणारेही असतात. लिहून फायदा नाही. जात ही रेस नव्हे, आणि वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. खण पाडण्यात आपणही मागे नाही म्हणा. यावल-रावेरचा तडवी मुसलमान असूनही अनुसूचित जमातीत येतो, कारण जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या यादीत मात्र फक्त हिंदू, शीख, बौद्ध. सातपुड्यातला पावरा स्वतःला भिल्लांहून वेगळा मानतो, पण महाराष्ट्राच्या यादीत तडवी भिल्ल आणि पावरा दोघेही भिल्लांच्याच नोंदीत. घरात अहिराणी बोलणारा, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारा मातृभाषेपुढे ‘मराठी’ लिहितो, आणि जनगणना अहिराणीला ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली मोजते.

रेसचा रकाना बहुतेक विद्यापीठांच्या अर्जात ऐच्छिक असतो. ‘प्रीफर नॉट टू से’ निवडलं तरी अर्ज पुढे सरकतो. नॅशनॅलिटीत मात्र पासपोर्टापेक्षा एक अक्षर वेगळं नको, व्हिसाच्या वेळी तेच ताडून पाहतात.