सीताबर्डीच्या गाळ्यावर पाटी काय लावायची? मांत्रिक गुप्तहेराची पार्श्वभूमी

शहरात राहणारा, भाड्याच्या गाळ्यात ऑफिस थाटलेला, पोलिसांना न सुटणारी प्रकरणे मंत्राच्या जोरावर सोडवणारा नायक मराठीत लिहायचा म्हटला तर पहिली अडचण भुतांची येत नाही, पाटीची येते. दारावर लिहायचे काय? अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या ज्या कादंबरीमालिकेने हा प्रकार घरोघरी नेला, तिचा शिकागोतला नायक टेलिफोन डिरेक्टरीत चक्क 'जादूगार' म्हणून नाव छापून घेतो. लोक टिंगल करतात, पलीकडून फोन करून हसतात, एवढेच. अधूनमधून पोलीसच त्याला फी देऊन सल्ल्याला बोलावतात. हाच इसम नागपूरच्या सीताबर्डीत मेन रोडवरच्या एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर बसला, तर पोलीस त्याच्याकडेही येतील. सल्ला मागायला नव्हे.

या नायकाचा वंश जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी कथांमधून आजार आणि भूतबाधा यांच्या सीमेवरची प्रकरणे हाताळणारे डॉक्टर अवतरले. १९१० च्या सुमारास भुताटकीच्या घरात पंचकोन आखून, त्याभोवती विजेच्या नळ्या पेटवून रात्र काढणारा तपासनीस आला. त्याच्या काही गोष्टींत भूत शेवटी भूत नसतेच, कुणीतरी रचलेला बनाव निघतो. मला तो त्यामुळेच आवडतो.

मराठीत मात्र रहस्यकथा आणि भयकथा वाचनालयाच्या दोन वेगळ्या फळ्यांवर राहिल्या. हजाराहून जास्त रहस्यकथा एकहाती लिहिणारा लेखक मुंबईचा. भयकथेची मोठी परंपरा पुण्यातून आली आणि तिच्यात अमानवी शक्तींशी शांतपणे झुंजणारा, गाजावाजा न करणारा एक नायकही होता. आजच्या अर्थाने आपला पहिला मांत्रिक गुप्तहेर तोच म्हणावा लागेल. पण तो कुणाला फी सांगत नसे आणि त्याच्या दाराला पाटी नव्हती. नागपूर माझ्या वाचनात या दोन्ही फळ्यांवर आले ते गाडी बदलण्यापुरते.

शब्दाचा गुंता इथूनच सुरू होतो. 'जादूगार' म्हटले की मराठी माणसाला काळा कोट, उंच टोपी, पेटीत झोपवून करवतीने कापलेली मुलगी आठवते. तो तिकीट लावून शो करतो. आधीच कबूल करतो की ही हातचलाखी आहे. 'मांत्रिक' म्हटले की राख, लिंबू, बिब्बे. विदर्भात त्याला भगत म्हणतात, जाणता म्हणतात. मेळघाटात भुमका, तर बालाघाट-मंडल्याच्या बाजूला गुनिया किंवा बैगा. १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे चार जाडजूड खंड निघाले, त्यांत या माणसांची कामे सविस्तर नोंदली आहेत. गावाची सीमा बांधून देणे, रोगराई हटवणे, बाधा उतरवणे, आणि बाधा 'कुणामुळे' झाली ते सांगणे.

यातले शेवटचे काम गुप्तहेराचे आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून दाणे टाकून कौल पाहणारा जाणता प्रश्न तोच विचारतो जो रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करून विचारला जातो. कुणी केले? फरक असा की रहस्यकथेत उत्तर पुराव्याने येते आणि पुस्तक मिटते. इथे उत्तर दाण्यांतून येते आणि त्यानंतर खरा गुन्हा घडतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या एका गावात भानामती केल्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भर चौकात बांधून मारहाण झाली. ही गोष्ट डोक्यात ठेवून मग नायक लिहायला बसावे.

आता जादूटोण्याविरुद्धचा कायदा. आम्हा नागपूरकरांना यात थोडा जास्त रस असतो, कारण तो इथे मंजूर झाला. पहिला मसुदा २००३ चा. २००५ मध्ये विधेयक विधानसभेत आले, पुढे अडले, मग बदलले, पुन्हा अडले. दर हिवाळ्यात अधिवेशन नागपुरात भरायचे, मोर्चे निघायचे, झिरो माइलच्या बाजूची वाहतूक तुंबायची, हरभऱ्याच्या दिवसांत आमदार मुंबईला परतायचे आणि विधेयक तिथेच राहायचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या, या कायद्यासाठी आयुष्य वेचलेल्या कार्यकर्त्याचा पुलावर गोळ्या घालून खून झाला. चार दिवसांत, २४ ऑगस्टला वटहुकूम निघाला. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात १३ तारखेला विधानसभेने आणि १८ तारखेला विधान परिषदेने विधेयक मंजूर केले. जे दहा वर्षांत जमले नाही ते चार महिन्यांत जमले. याबद्दल अभिमान वाटावा की लाज, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

कायद्याचे पूर्ण नाव एका दमात वाचता येत नाही: महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. लोक त्याला सर्रास 'अंधश्रद्धाविरोधी कायदा' म्हणतात. पण त्या लांबलचक नावात अंधश्रद्धा हा शब्द शोधून सापडत नाही. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते ही व्याख्या सभागृहात कधीच निभावली नसती, म्हणून ती वाटच टाळली गेली. हा निर्णय कुणाला शहाणपणाचा वाटला, कुणाला माघारीचा. माझे मत पहिल्या बाजूचे. व्याख्येवर अडून बसले असते तर कायदा आजही मोर्च्यांच्या घोषणांतच राहिला असता.

अंधश्रद्धा गेली, जादूटोणा राहिला. आणि इथे आपल्या नायकाचा पाय अडकतो. कायद्याच्या इंग्रजी नावात जादूटोण्याच्या जागी 'ब्लॅक मॅजिक' आहे. इंग्रजीत जादूला रंग आहे. काळी म्हटली की पांढरी कुठेतरी असणार, हे गृहीतच. शिकागोचा नायक याच पांढऱ्या बाजूला उभा राहून काळ्या बाजूशी लढतो. त्याचे सगळे नैतिक बळ या रंगभेदातून येते. मराठीतल्या जादूटोण्याला असा रंग नाही. 'काळी जादू' हा शब्द आपण वापरतो, पण तो हिंदी सिनेमा आणि टीव्ही मालिकांतून आलेला. आजी म्हणायची करणी, मूठ, चेटूक, भानामती. या शब्दांना चांगली बाजूच नाही. करणी कुणी कुणाच्या भल्यासाठी करत नाही. जो ती काढतो तो मंत्र मारतो, उतारा करतो, बंदोबस्त करतो. म्हणजे इंग्रजीत एकाच शब्दाच्या दोन छटा आहेत, मराठीत दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम करणारा पहिलेही करू शकतो असा गावाला कायम संशय असतो. रात्री ज्याच्याकडे मूल घेऊन धावायचे, दुसऱ्या दिवशी त्याच्याच घराकडे वाकड्या नजरेने पाहायचे.

कायदा मात्र या शब्दाच्या अर्थात शिरत नाही, आणि ही त्याची खरी चतुराई. बंदी जादूवर नाहीच. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये दिली आहेत, गुन्हा तेवढ्यांनीच होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे. मंत्राने भूत बोलावतो असे सांगून लोकांत घबराट पसरवणे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कृत्य करणाऱ्याइतकाच त्याचा प्रचार करणाराही कचाट्यात येतो. म्हणून म्हटले, पाटीपासूनच सुरुवात.

अनुसूचीतले एक कृत्य तर मांत्रिक गुप्तहेर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिल्यासारखे आहे. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्राने गाईचे दूध आटवतो असे जाहीर करणे आणि त्याचे जगणे मुश्कील करणे. रहस्यकथेचा कळसाध्याय म्हणजे बोट दाखवणे. तेच बोट मंत्राच्या आधाराने दाखवले तर नायक आरोपी. शिकागोत कथा जिथे संपते, नागपुरात तिथे एफआयआर लिहायला घेतात.

आता दुसरी बाजू. मृत्यूशी, पिशाच्चांशी झुंजायचे पण अनुसूचीला धक्का लावायचा नाही, अशी वाट कायद्यातच आहे. काय काय या कायद्याखाली येत नाही, याची यादी त्यात दिली आहे: प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचे सांगणे, जमिनीखालच्या पाण्याचा सल्ला देणारे. म्हणजे आपल्या माणसाला 'वास्तुसल्लागार' अशी पाटी लावून बसता येईल. धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांमध्ये ती कुणाच्या नजरेतही भरणार नाही. कायद्याने या कामासाठी पोलीस निरीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. परदेशी मालिकांत पोलिसांतला जो एक माणूस नायकावर विश्वास ठेवतो, तो आपल्याकडे नेमका हा दक्षता अधिकारी असायला हवा. ज्याचे कामच नायकाला पकडणे आहे, त्याने रात्री दीड वाजता अंबाझरी तलावाच्या काठावरून त्यालाच फोन करायचा. यात मला शिकागोपेक्षा जास्त कथा दिसते.

गंमत अशी की पाटीवरचा 'गुप्तहेर' हा अर्धा भाग अगदी बिनधोक आहे. शिकागो ज्या राज्यात आहे तिथे खाजगी तपासाला परवाना लागतो, मंत्राला नाही. आपल्याकडे २००५ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना सक्तीचा केला. गुप्तहेर संस्थांसाठीचे वेगळे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे लग्नाआधी मुलाची चौकशी करून देणारा कुणीही उद्या सकाळी बोर्ड लावून बसू शकतो. दुसऱ्याच्या फोनचे रेकॉर्ड काढले तर आत जाईल, ते वेगळे.

कायद्याची धार किती, याची चर्चा शहरात २०२३ च्या जानेवारीत पुन्हा उसळली. रेशीमबागेच्या मैदानावर बाहेरून आलेल्या एका कथावाचकाचा दरबार भरला, समोरच्याच्या मनातले न विचारता सांगतो असा दावा झाला. १९८२ पासून नागपुरातून काम करणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या मंडळींनी तीस लाखांचे आव्हान दिले. पोलिसांनी चित्रफिती पाहिल्या आणि कायद्याचा भंग दिसत नाही असे कळवले. तेव्हा पानठेल्यांवर दोनच विषय होते, थंडी आणि हे. आमच्या चौकातल्या ठेलेवाल्याने खर्रा घोटता घोटता निकाल दिला, "मनातलं वळखते तं माही उधारी कोनाकडं हाये ते सांगा म्हना बाप्पा."

बोट न दाखवता अरिष्ट हाकलायची एक रीत मात्र या शहराकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती म्हणजे मारबत, अरिष्ट सोबत घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन पोरे घरोघर बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत असतात आणि तिकडे इतवारी, जागनाथ बुधवारीच्या गल्ल्यांतून या बाया उचलल्या जातात. बांबूच्या कामट्यांवर कागद चढवलेल्या, दोन माणसांएवढ्या उंच, अंगभर रंग, वटारलेले डोळे. वरून जाणाऱ्या विजेच्या आणि केबलच्या तारा एक जण लांब बांबूने उचलून धरतो, मग मारबत वाकून पुढे सरकते. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मागून बडगे नावाचे पुतळे येतात, त्यांच्यावर त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो: महागाई, खड्डे, पेपरफुटी, कुणी ना कुणी पुढारी.

आणि घोषणा. इडा, पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत! तोच शब्द, कायद्याच्या नावातला, पण इथे तो कुणा शेजारणीच्या माथी मारलेला नाही. कागदाच्या बाईच्या गळ्यात घातला, गावाबाहेर नेला, जाळला. बंदोबस्तावरचा शिपाई दोरी धरून उभा असतो. मागच्या खेपेला माझ्यासमोरचा, विशीतला, घामाने भिजलेला, मिरवणूक पुढे सरकताच इकडेतिकडे पाहून तोंडातल्या तोंडात म्हणाला, "घेऊन जा गे," आणि पुन्हा शिटी वाजवायला लागला.