४.४ वाला घ्यायचा की ४.६ वाला?

इंडियानापोलिसला एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं, कम्बाइन (नव्या खेळाडूंच्या शारीरिक चाचण्या) झालं की दरवर्षी तेच सुरू होतं, अमका चाळीस यार्ड ४.४ सेकंदात पळाला, तमक्याला ४.६ लागले, म्हणजे सेफ्टी म्हणून अमक्यालाच पहिल्या अकरात घ्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणजे डिफेन्सचा सगळ्यात मागचा माणूस, तो चुकला की पुढे मोकळं रान. त्याची निवड एका आकड्यावर करणं मला अजिबात पटत नाही.

चाळीस यार्ड म्हणजे ३६.६ मीटर. ०.२ सेकंदाचा फरक म्हणजे शेवटी साधारण पावणेदोन मीटर. पण सेफ्टीला बऱ्याचदा पंधरा-वीस मीटरच पळायचं असतं, तिथे हा फरक मीटरभरच उरतो. आता ४.६ वाल्याने क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचा, खांदा कुठे वळतोय ते ओळखून पाव सेकंद आधी पाय उचलला तर सेकंदाला ८ मीटर वेगाने दोन मीटर त्याने तिथेच कमावले.

पण खरी गंमत आहे अँगलमध्ये. बॉल घेऊन पळणारा आत्ता जिथे आहे तिकडे धावायचं नसतं, तो जिथे पोचणार आहे तिकडे धावायचं असतं, डीप मिडविकेटचा फिल्डर चौकार अडवायला धावतो तसं. ती जागा कशी कळते? जहाजांवर एक जुना नियम आहे, समोरचं जहाज जवळ येतंय आणि आपल्याला ते सतत एकाच दिशेला दिसतंय, तर टक्कर होणार. सेफ्टीचंही तेच. दिशा न बदलता पळताना रनर नजरेत एकाच कोनात राहिला आणि मोठा मोठा दिसत गेला तर गाठ पडणारच. तो पुढे सरकायला लागला तर आपण मागे पडलो, मागे सरकला तर आपण जास्त पुढे धावलो, आणि मग तो आतल्या बाजूला कट मारून निसटतो. इथे वेग उलट नडतो, कारण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ८ ऐवजी ९ मीटरचा वेग असेल तर ६४ ऐवजी ८१, तेवढ्याच ब्रेकिंगला सव्वापटीहून जास्त जागा.

काइल हॅमिल्टन हा सेफ्टी २०२२ च्या कम्बाइनमध्ये ४.५९ पळाला, त्यावरून बरीच कुजबुज झाली. बाल्टिमोर रेवन्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, त्याला चौदाव्या नंबरवर घेतलं आणि २०२३ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये होता. अशा खेळाडूंना 'सिक्स्थ सेन्स' आहे, दैवी देणगी आहे असं म्हणतात ते मला खटकतं, तासन्‌तास सामन्यांची फिल्म बघून आणि तीच स्टेप शेकडो वेळा घोटून हे येतं.

आता खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, ती सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवते, म्हणजे कोण कधी निघाला आणि कुठल्या अँगलने गेला हे मोजता येतं. दोघांतून एक निवडायचा झाला तर मी बॉल सुटायच्या आधीची त्यांची पहिली दोन पावलं बघेन.