लॉग-रँक की विल्कॉक्सन? एकाच डेटाची दोन उत्तरं

एखादी घटना (मृत्यू किंवा आजार उलटणं) घडायला दोन गटांत किती वेळ लागतो, याची तुलना करायला सास या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये लाइफटेस्ट ही आज्ञा चालवली की तक्त्यात तीन चाचण्यांच्या तीन ओळी येतात. तिसरी लाइकलीहुड रेशोची, ती घटनांचा दर सगळा काळ एकसारखाच आहे असं धरून चालते, म्हणून तूर्त बाजूला ठेवू. घोळ होतो तो वरच्या दोन ओळींत: लॉग-रँक आणि विल्कॉक्सन. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, यातली कुठली पी-व्हॅल्यू टाकू?’ पी-व्हॅल्यू म्हणजे गटांत खरा फरक नसतानाही एवढी तफावत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती जितकी लहान तितका निकाल ठळक. म्हणूनच विचारताना त्यांचं बोट आधीच लहान आकड्यावर असतं.

‘आर’ या सांख्यिकी भाषेच्या सर्व्हायव्हल पॅकेजात एएमएल नावाचा छोटा डेटा आहे. रक्ताच्या कर्करोगाचे 23 रुग्ण; 11 जणांची केमोथेरपी पुढे चालू ठेवली, 12 जणांची नाही. वेळ आठवड्यांत. 18 जणांत घटना घडली, उरलेले 5 सेन्सॉर्ड, म्हणजे अमुक आठवड्यापर्यंत घटना घडली नव्हती एवढंच त्यांच्याबद्दल ठाऊक आहे. लॉग-रँक लावला की काय-स्क्वेअर (गटांतल्या तफावतीचं माप) 3.40 आणि पी 0.065 येतो. गेहानचा विल्कॉक्सन (सासच्या तक्त्यातला तोच) लावला की 2.72 आणि 0.099. माणसं तीच, आठवडे तेच.

फरक फक्त वजनाचा. दोन्ही चाचण्या प्रत्येक घटनेच्या वेळी थांबून एकच हिशेब करतात: या गटात किती घटना अपेक्षित होत्या आणि किती घडल्या? पाचव्या आठवड्याला 23 जण जोखमीत आहेत, म्हणजे तोवर घटना न घडलेले आणि सेन्सॉरही न झालेले; त्यातले उपचार चालू असलेले 11. त्या आठवड्यात 2 घटना झाल्या, म्हणजे या गटाच्या वाट्याला 2 × 11 ÷ 23 = 0.96 यायला हव्या होत्या, आल्या शून्य. तफावत उणे 0.96. पंचेचाळिसाव्या आठवड्याला जोखमीत उरले चौघे, त्यातले 3 या गटातले. एक घटना, तीही दुसऱ्या गटात. तफावत उणे 0.75. लॉग-रँक या दोन्ही तफावती जशाच्या तशा बेरजेत घेतो. विल्कॉक्सन पहिलीला 23 ने गुणतो, दुसरीला 4 ने: उणे 22 आणि उणे 3. उशिराच्या घटनांचा आवाज तिथे जवळपास ऐकूच येत नाही.

म्हणून सुरुवातीलाच दोन गटांचे वक्र (घटना न घडलेल्यांचं प्रमाण काळानुसार दाखवणाऱ्या रेषा) फाकले आणि पुढे जवळ आले, तर विल्कॉक्सन तो फरक चटकन पकडतो. दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत साधारण तेवढंच राहत असेल, तर लॉग-रँक सरस. माझं मत विचाराल तर मुद्दाम काही कारण नसेल तेव्हा लॉग-रँकच घ्यावा, आणि हे डेटा उघडण्याआधी लिहून ठेवावं. वक्र एकमेकांना छेदत असतील तर दोघांवरही विसंबू नये. आधीची आणि नंतरची तफावत एकमेकींना खाऊन टाकते.

खरी गंमत नावांची आहे. सासचा विल्कॉक्सन, आणि स्टाटा व एसपीएसएस या दुसऱ्या दोन सॉफ्टवेअरमधले अनुक्रमे विल्कॉक्सन आणि ब्रेस्लो, ही मुळात 1965 च्या गेहानच्या चाचणीचीच रूपं. ‘आर’मध्ये मात्र सर्व्हडिफ या आज्ञेला रो = 1 हा पर्याय दिला की पेटो-पेटो पद्धत चालते; तिथे वजन जोखमीत उरलेल्या माणसांचं नसून तोवर घटना न घडता राहण्याच्या अंदाजित शक्यतेचं असतं. त्यामुळे उत्तर सासशी तंतोतंत जुळत नाही, आणि जुळत नाही म्हणून कोड चुकला असंही नाही. मला पेटोची रीत जास्त पटते. गेहानच्या वजनात माणसं सेन्सॉर झाल्यानेही घट होते. एका अभ्यासात लोक लवकर गळले तर चाचणीचा रोखच बदलतो.

आणि ‘आर’मधली साधी विल्कॉक्स-टेस्ट ही आज्ञा या घरातलीच नव्हे. नाव सारखं म्हणून आठवड्यांचा रकाना तिच्यात ओतणारे मी पाहिले आहेत. या डेटात उपचार चालू असलेल्या गटात 13 हा आकडा दोनदा आहे: एकाची घटना तेराव्या आठवड्यात झाली, दुसऱ्याची तोवर झालेलीच नव्हती. ती आज्ञा दोघांनाही एकाच रांगेत, एकाच क्रमांकावर बसवते.