ओरखडा पडलेली बादली: घरगुती बिअरच्या भांड्यांच्या स्वच्छतेची पार्श्वभूमी

घरी बिअर करणाऱ्यांमध्ये एक प्रश्न कायम निघतो. एखादी बॅच आंबट निघाली, फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, म्हणून वापरलेल्या प्लास्टिकच्या बादलीत डोकावून पाहिलं तर आतून बारीक ओरखडे दिसले. आता ही बादली धुऊन परत वापरायची की टाकून द्यायची? कुणी जास्त कडक सॅनिटायझर सुचवतं, कुणी नवी बादली घ्यायला सांगतं. माझ्या मते इथे रसायनापेक्षा भांडं कशाचं आहे याला जास्त महत्त्व आहे. प्रत्येक नव्या भांड्याबरोबर धुण्याची रीत बदलत गेली, आणि ती का बदलली हे कळलं की बादलीचं काय करायचं तेही कळतं.

सुरुवात लाकडापासून. युरोपात कित्येक शतकं बिअर घरोघरी होत असे, आणि ती बहुतेक बायका करत. पिंपं, टब, डाव सगळं लाकडी. लाकडाला छिद्रं असतात. त्यांत यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, आणि जिवाणू इतके खोल जातात की ब्रश तिथवर पोचत नाही. म्हणून उकळतं पाणी ओतायचं, घासायचं आणि खडखडीत वाळवायचं, एवढंच हातात होतं. नॉर्वेच्या खेड्यांत जुनिपर या सदाहरित झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळून त्या गरम काढ्याने भांडी धूत. तिथलं घरचं यीस्ट, म्हणजे क्वेइक, लाकडाच्या कोरीव कड्यांवर वाळवून पुढच्या वेळेसाठी जपून ठेवत. लाकडाला काय चिकटू द्यायचं आणि काय काढून टाकायचं, याचा विचार त्या घरांत फार बारकाईने झालेला होता.

बव्हेरिया आणि बोहेमियात वेगळा तोडगा निघाला. लागर, म्हणजे थंडीत सावकाश मुरवलेल्या, बिअरच्या पिंपांना आतून राळेचा लेप देत. वितळलेली गरम राळ पिंपात ओतायची आणि पिंप फिरवून ती सगळीकडे बसवायची. लेप खराब झाला की तो तापवून काढायचा आणि नवा चढवायचा. लाकूड वर्षानुवर्षं तेच राही, पण बिअरला लागणारा पृष्ठभाग मात्र नवा होई. सगळं भांडं न बदलता झिजणारा थर तेवढा बदलायचा, ही युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची वाटते.

ब्रसेल्सच्या परिसरातल्या लॅम्बिक बिअरवाल्यांनी मात्र उलट वाट धरली. त्यांची बिअर पिंपांत आणि हवेत राहणाऱ्या रानटी यीस्टवरच आंबते. तेही पिंपं गरम पाण्याने धुतात, आत गंधक जाळतात, पण लाकूड पूर्ण निर्जंतुक करायच्या मागे लागत नाहीत. तसं केलं तर त्यांची बिअरच होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिअर का बिघडते हे नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. उन्हाळा, वीज कडाडणं, दैव, असं काहीही कारण दिलं जाई. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने यात हात घातला तो १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर. जर्मन बिअरला तोडीस तोड फ्रेंच बिअर व्हावी, अशी त्याची उघड जिद्द होती. १८७१मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, गेला आणि तिथलं पोर्टर या गडद बिअरचं यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात बिघाड करणारे जीव दिसले. आठवड्याभराने तो परत गेला, तोवर ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. बिअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६मध्ये आला.

पाश्चरने जिवाणूंवर बोट ठेवलं, पण निम्मा प्रश्न बाकी होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने दाखवून दिलं की बिअर नको असलेल्या रानटी यीस्टनेही बिघडते, आणि आम्ल घालून यीस्ट शुद्ध करण्याच्या पाश्चरच्या पद्धतीत हे रानटी यीस्ट टिकून राहू शकतं. हॅन्सनने एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट १८८३मध्ये कार्ल्सबर्गमध्ये वापरात आलं. आता यीस्ट शुद्ध मिळू लागलं, त्यामुळे बिअर बिघडली तर संशय पहिल्यांदा भांड्यांवर आणि नळ्यांवर जाऊ लागला. घरगुती बिअरवाल्यांचा आजचा स्वच्छतेचा कटाक्ष इथून आलेला आहे.

त्यामागचं कारण साधं आहे. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी (त्याला वॉर्ट म्हणतात) तासभर उकळलं की त्यातले बिघाड करणारे जीव मरतात. धोका सुरू होतो तो वॉर्ट थंड झाल्यावर. त्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू जंतुमुक्त हवी. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), आम्लता आणि अल्कोहोल यांच्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तयार बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत; लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू आणि ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट यांना मात्र ती मानवते. हे जीव पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात, आणि त्या थरावरून सॅनिटायझर नुसता वाहून जातो. म्हणून आधी धुणं आणि मग निर्जंतुक करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. लोणच्याची बरणी घासून, उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय तिच्यात फोड न घालणाऱ्या आपल्या घरांना हे नव्याने सांगायला नको.

छंद म्हणून घरी बिअर करणं मात्र अलीकडचं. ब्रिटनमध्ये १८८०च्या कायद्याने घरी बिअर करायलाही परवाना लागू लागला. तो १९६३मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९३३मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली पण बिअर राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केली. इतकी वर्षं हे काम लपूनछपून चालल्यामुळे त्यासाठी खास बनवलेली भांडी जवळजवळ नव्हतीच. लोकांनी लोणच्याचे चिनी मातीचे रांजण, खाद्यपदार्थांच्या बादल्या, पाण्याचे काचेचे मोठे बाटले, जे मिळेल ते वापरलं.

धुण्याची रसायनंही अशीच उसनी आली. ब्रिटनमध्ये कॅम्पडन गोळ्या वापरत. त्यांचं नाव चिपिंग कॅम्पडन गावावरून पडलं. १९२०च्या दशकात तिथल्या संशोधन केंद्रात फळं टिकवण्यासाठी सल्फाइटचं जे द्रावण तयार झालं, त्याच्या या गोळ्या. वाइनला त्या उत्तम, पण भांडी झटपट निर्जंतुक करायला कमजोर. मग कपड्यांचं ब्लीच आलं. ते स्वस्त आणि जालीम, पण नीट विसळलं नाही तर क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी मिळतं आणि बिअरला औषधी वास येतो. स्टीललाही ते खातं. आयोडोफोर, म्हणजे आयोडीनचं जंतुनाशक, दुग्धशाळांकडून आलं. दहा लाख भागांत साडेबारा भाग इतकं पातळ द्रावण पुरतं आणि विसळावंही लागत नाही, फक्त नळ्या पिवळ्या पडतात. त्यानंतर फॉस्फोरिक आम्लाचे फेसाळ सॅनिटायझर रूढ झाले. धुण्यासाठी आज सोडियम परकार्बोनेटची पूड चालते. तळाशी बसलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरट खर मात्र आम्लानेच निघतो.

आता बादलीकडे येऊ. प्लास्टिकवर तारेची घासणी फिरली की ओरखडा पडतो, आणि त्या खाचेत नेमका तो चिकट थर बसतो. लाकडासारखीच अडचण परत उभी राहते, पण इथे राळेचा नवा लेप देता येत नाही. त्यामुळे खोल ओरखड्यांची बादली बदलावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मऊ स्पंजाने धुतलेली, ओरखडा नसलेली बादली मात्र केवळ जुनी झाली म्हणून टाकायचं कारण नाही. काचेला ओरखडे पडत नाहीत, पण ओल्या हातातून निसटलेल्या काचेच्या बाटल्याने अनेकांना गंभीर जखमा झाल्या आहेत. स्टील महाग, पण ते तापवता येतं, आम्लानेही धुता येतं.

हा छंद जोपासणारे मराठी लोक प्रामुख्याने ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांत आहेत. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि घरची बिअरही त्यातच येते.

अमेरिकेत स्टील सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते शीतपेयांमुळे. पेयांचं सिरप पूर्वी कॉर्नेलियस पद्धतीच्या उंच स्टीलच्या केगमधून, म्हणजे बंद पिंपांमधून, दुकानांत जाई. पुढे कंपन्या खोक्यातल्या पिशव्यांकडे वळल्या आणि हजारो रिकामे केग स्वस्तात विकायला निघाले. घरी बिअर करणाऱ्यांनी ते उचलले. स्टील धुऊन लख्ख निघे, पण रबराच्या रिंगांत मुरलेला रूट बिअर या गोड शीतपेयाचा वास काही केल्या जाईना. तेव्हापासून जुना केग घेतला की पहिलं काम ठरलेलं असतं: झाकणाची एक, दोन्ही पोस्टच्या (वायू आत जाण्याच्या आणि पेय बाहेर येण्याच्या जोडांच्या) दोन आणि आतल्या नळ्यांच्या दोन, अशा पाचही रिंगा काढून नव्या बसवायच्या. प्लास्टिकच्या तोट्या आणि मऊ नळ्या यांनाही हाच न्याय लागतो. तोटीच्या आट्यांत बिअर साचून राहते, म्हणून ती दर वेळी खोलून धुवावी. नळी आतून ढगाळ दिसू लागली की ती उकळत बसण्यापेक्षा नवी कापून घ्यावी.